आभार मानताय? मग पत्ता सांगा!

मंडळी, आज जरा भांडायचंय. ज्याच्याशी भांडायचंय तो माझा जुना दोस्त आहे, आणि मी हे लिहीत असताना तो तुर्कस्तानच्या कुठल्यातरी खाडीत नांगर टाकून बसलाय. माघारी बोलल्याचं पाप नको म्हणून त्याला आधीच वाचून दाखवलं. "लिही बिनधास्त," म्हणाला. तेव्हा लिहितो.

आम्ही दोघं सात वर्षं एका टीममध्ये होतो. शेजारी शेजारी क्यूबिकल. रात्री दोनला सर्व्हर झोपला की आम्ही उठायचो. तीन वर्षांपूर्वी त्यानं आणि वहिनींनी बाणेरचा फ्लॅट विकला, छत्तीस फुटांची एक जुनी शिडाची बोट विकत घेतली आणि तिच्यावरच राहायला गेले. सुट्टीपुरते नव्हे, कायमचे. तेव्हापासून आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला सोमवारी सकाळी हिंजवडीच्या सिग्नलला उभं असताना त्याची आठवण येते. (मलाही येते. हेव्याचा मुद्दा पुढे घेतलाय, काळजी नसावी.)

यंदा जानेवारीत दोघं पुण्याला आले होते. म्हणाले, तुझ्या गावची नदी दाखव. माझं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. सोलापूर रोडनं सरळ जाता आलं असतं, पण मला वाटेत त्यांना एक ठिकाण दाखवायचं होतं, म्हणून नगर रोडनं शिरूर, तिथून न्हावरा, इनामगाव असं फिरून, भीमा ओलांडून दौंडच्या बाजूला उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते गावाला आवडणार नाही.

संध्याकाळी तात्यांबरोबर नदीवर गेलो. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. काठाला जलपर्णी, आणि मधल्या धारेत एक बोट. बोटीवर ताडपत्रीचं छप्पर, दोरीवर दोन शर्ट आणि एक लुंगी वाळत घातलेली. ती लुंगी बघून दोस्ताचा चेहरा एकदम उजळला. "अरे, इथेपण लिव्हअबोर्ड आहेत!" बोटीवर कायमचं राहणाऱ्यांना त्यांच्या जगात हा शब्द आहे.

तात्या म्हणाले, "पाव्हणं, ती हौसंची बोट न्हाय. वाळूची हाय. तहसीलदार आलं की जिलेटिन लावून उडवून देत्यात."

दोस्त हसला. त्याला वाटलं तात्या गंमत करताहेत.

रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर बसलो. त्यानं बोटीवरच्या आयुष्याबद्दल मनापासून सांगितलं. पहाटे वाऱ्याची दिशा बदलली की झोपेतही कळतं. नांगर सरकतोय का हे बघायला रात्री तीनदा उठावं लागतं. घरात एकूण चार ताटं, चार वाट्या. वर्षातून एकदा बोट पाण्याबाहेर काढून तळ खरवडायचा, शेवाळ आणि शिंपले काढायचे, नवा रंग द्यायचा. हे सगळं खरं होतं, आणि ऐकताना छान वाटत होतं. मग तो म्हणाला, "खरं सांगू? रोज सकाळी उठलो की कृतज्ञ वाटतं. या नव्या आयुष्याबद्दल."

मी विचारलं, "कुणाबद्दल?"

"कुणाबद्दल म्हणजे? सगळ्याबद्दलच. समुद्राबद्दल. युनिव्हर्सबद्दल."

इथे माझं डोकं फिरलं.

तर मुद्दा असा. आपल्या पिढीला, म्हणजे आयटीतल्या, तिशी-चाळिशीतल्या, ईएमआय फेडत आलेल्या किंवा फेडून झालेल्या लोकांना, हल्ली कृतज्ञता फार आवडते. योगाच्या क्लासच्या शेवटी कृतज्ञता. कंपनीच्या टाउनहॉलमध्ये कृतज्ञता. नोकरी सोडून कुणी कूर्गला कॉफी लावतो, कुणी मुळशीला मातीचं घर बांधतो, कुणी बोटीवर जातो, आणि सगळेच्या सगळे कृतज्ञ असतात. कुणाचे, ते विचारायचं नाही.

आता शब्द बघा. 'कृत' म्हणजे केलेलं, 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलंय हे ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. म्हणजे शब्दातच माहितीची अट घातलेली आहे. कुणी केलं, काय केलं, हे ठाऊक नसताना नुसतं उबदार वाटत असेल तर ते समाधान आहे. समाधान चांगलंच असतं, पण त्याला समाधान म्हणावं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आभार हा एक पॉइंटर आहे. त्यात पत्ता नसेल तर तो नल, आणि नल पॉइंटरवर काही चालवायला गेलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

युनिव्हर्सचे आभार मानण्यात एक मोठी सोय आहे. युनिव्हर्स कधी बिल पाठवत नाही.

आता एकेक पत्ता बघू.

पहिला पत्ता पाण्याचा. दोस्ताच्या बोटीची टाकी तीनशे लिटरची. दोघांना आठवडाभर पुरवायची. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटची एक धार फक्त गोड्या पाण्याची. आंघोळ दीड तांब्यात. "पाण्याची किंमत मला बोटीवर कळली," तो म्हणाला. कळली असेल, शंका नाही. पण ज्या रस्त्यानं आम्ही आलो त्याच शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही गावं आहेत. घोडच्या आणि चासकमानच्या कालव्यांनी तालुक्याच्या ज्या भागात ऊस उभा केला, त्यात ही गावं नाहीत. तिथल्या बायकांनी टँकरची वाट बघत हेच दीड तांब्याचं गणित आयुष्यभर केलंय. त्यांना कुणी नवं आयुष्य म्हणालं नाही. त्यांना टंचाईग्रस्त म्हणतात.

आणि हे पुणेकरांनी तर मान खाली घालूनच ऐकावं. खडकवासल्याच्या ज्या पाण्यावर पुणं जगतं त्याच पाण्याचा कालवा पुढे दौंड-इंदापूरला जातो. शहराला किती आणि शेतीला किती, यावर दरवर्षी रस्सीखेच. पुण्यानं पाणी वापरलं की ते परत येतं, पण कसं? मुळा-मुठा शहराची सगळी घाण घेऊन रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, आणि तिथून पुढे ते पाणी आमच्या दारावरून उजनीच्या फुगवट्यात जातं. मी बावीस वर्षं पुण्यात राहतोय. म्हणजे मी पुण्यात जो फ्लश ओढतो तो माझ्याच गावाला पाठवतो. माझ्या आईनं गेल्या कित्येक वर्षांत नदीवर धुणं धुतलेलं नाही. तेव्हा "पाण्याबद्दल कृतज्ञ" म्हणायचं असेल तर मला पत्ता माहीत आहे. मी तिथलाच आहे.

पाबळचं नाव निघालंच आहे तर एका माणसाबद्दल सांगायला हवं. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतून डॉक्टरेट करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर. आजच्या भाषेत एकदम सेटल्ड. त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. म्हणजे करिअर सोडून नवं आयुष्य हा प्रकार आपल्या पिढीनं शोधलेला नाही. पत्नी मीराताईही बरोबर. कोरडवाहू, पाण्याची बोंब असलेलं गाव. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली पोरं गोळा करून त्यांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती हातानं करत शिकवायची, आणि हातानं करता करता विज्ञान. २००३ मध्ये कलबाग गेले, आश्रम अजून चालू आहे. स्वतःच्या शिक्षणाचं ऋण त्यांना वाटत असणार, असा माझा अंदाज. पण त्यांनी ते कुठं फेडलं ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरा पत्ता वाळूचा. आणि हा माझा स्वतःचा आहे.

नदीतली वाळू स्पंजसारखी असते. पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात काठावरच्या विहिरींना सोडत राहते. ती काढली की आधी विहिरी खाली जातात, मग काठ ढासळतात, आणि तळात असे डोह पडतात की पोहता येणारा माणूसही त्यात जातो. आमच्याकडे पूर्वी घमेल्यानं वाळू काढायचे. मग यांत्रिक बोटी आल्या. डिझेलचं इंजिन, त्याला पंप, पंपाचा पाइप थेट तळाशी. एका रात्रीत घमेल्याचं महिन्याचं काम. बोटीवर राहणारी माणसं झारखंड, बंगाल, बिहारकडची. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. महसूलची गाडी दिसली की ती पाण्यात उड्या टाकून पळतात, आणि मागे बोट स्फोटानं उडते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: इतक्या लाखांच्या बोटी नष्ट. बोटीवर कुणाचं तरी अंथरूण होतं, हे बातमीत येत नाही. मालक सापडला असंही फारसं वाचल्याचं आठवत नाही.

आता माझं. २००३ ते २००७ मी इंजिनिअरिंग केलं, खासगी कॉलेजात. घरी सहा एकर, त्यातली अडीच नदीच्या बाजूला. पहिल्या वर्षाची फी म्हशी विकून भरली. दुसऱ्या वर्षी विकायला म्हशी नव्हत्या. तेव्हा वडिलांनी नदीकडच्या रानातून वाळूच्या ट्रकांना वाट दिली. ट्रकमागे दोनशे रुपये. दोन हंगाम ती वाट चालली, आणि दोन हंगाम आमच्या काठाला एक बोट होती. माझी पुढची सगळी फी त्या वाटेनं आली. मी सी शिकलो, डेटा स्ट्रक्चर्स शिकलो, कॅम्पसमधून उचललो गेलो, ऑनसाइट गेलो, वाकडला फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये कुठल्या नदीची वाळू आहे देव जाणे. नदीकडची आमची विहीर २०११ च्या उन्हाळ्यात आटली ती आटलीच.

वडिलांनी चूक केली का? केली. मी त्या चुकीवर उभा आहे का? आहे. म्हणजे माझं नवं आयुष्यही एका बोटीनंच दिलंय. फक्त तिला शीड नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे माणसानं आनंदात राहूच नये का? प्रत्येक सुखाखाली कुणाचं तरी दुःख उकरून काढायचं आणि तोंड पाडून बसायचं? नाही हो. मला अपराधी वाटण्याची हौस नाही. अपराधी वाटणं हाही स्वतःभोवतीच फेऱ्या मारण्याचा प्रकार आहे. मी म्हणतोय ते फार साधं आहे. आभार म्हणालात ना? मग कुणाचे ते शोधा, आणि काही देणं निघतंय का ते बघा.

हे जमतं, आणि बोटीवरच जमतं. याचं उदाहरण घ्यायला तुर्कस्तानला जायला नको. दौंडहून बारामतीमार्गे फलटणला गेलात की विंचुर्णी नावाचं गाव लागतं. समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या या बाजूला. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तिथे राहायचे. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा माणूस. एका भारतीयानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ती बोटही भारतात बांधावी, हा त्यांचा ध्यास. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात. नाव 'म्हादेई', नदीवरून. दोंदे तयारीसाठी इंग्लंडला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले. हे नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्यानं जगाला फेरी मारणारे पहिले. आणि त्यांची 'सुहेली' ही बोट बांधली होती कुठे? आपल्या मुंबईत, सागवानात, मुंबईच्या सुतारांनी.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे चार थांबे घेऊन १९ मे २०१० ला मुंबईत परत. बरोबर नऊ महिने. अशी प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. एवढं झाल्यावर कुणीही आयुष्यभर भाषणं देत, समुद्राचे आणि युनिव्हर्सचे आभार मानत फिरू शकला असता.

पण बघा पुढे काय झालं. दोंदेंच्या वेळी किनाऱ्यावरून मदत करणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. नंतर त्याच म्हादेईतून टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकटे फिरून आले, आणि तेव्हा त्यांच्या पाठीशी दोंदे. मग दोंदेंनी नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांना घडवलं. वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली त्या १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परत आल्या. तारिणीसुद्धा दांडेकरांच्याच यार्डातली. पुढची पाळी टॉमींची. त्यांच्या मार्गदर्शनाखाली दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यात पोचल्या. आवटी २०१८ च्या नोव्हेंबरात गेले. सहाजणींची फेरी मात्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाली होती.

मी याला कृतज्ञता म्हणतो. ज्याच्याकडून घेतलं त्याला परत देता येत नसेल तर पुढच्याला दे. पण दे. नाव, गाव, तारीख सगळं सांगता येईल असं दे.

"एकट्यानं" या शब्दाचंही एकदा नीट डीबगिंग व्हायला हवं. टॉमी २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत होते. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळात त्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, हलता येईना. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. त्यांच्या मागे आपलं नौदल होतं, ऑस्ट्रेलियाचं बचाव केंद्र होतं. भर समुद्रात एकट्या पडलेल्या एका माणसासाठी तीन देश जागे होते. पाठीत टायटॅनियम घालून हाच माणूस २०२३ मध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकानं पुरी करतो. दोस्ता, तुझ्या बोटीवरचं जीपीएससुद्धा अमेरिकन करदात्यांच्या पैशावर फिरणाऱ्या उपग्रहांवर चालतं. तू तुझ्या खाडीत वाटतोस तितका एकटा नाहीस, आणि ही चांगली बातमी आहे.

आता त्या रात्री दोस्तानं केलेला युक्तिवाद. तो इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो कच्चा नाही. तो म्हणाला, "मी अठरा वर्षं घासलीय. टॅक्स भरलाय. कुणाला फसवलं नाही. बोट माझ्या पैशाची आहे. आणि तू जळतोयस."

जळतोय. मान्य. मलाही सकाळी स्टँडअपऐवजी वाऱ्याची दिशा बघायची आहे. पण बाकीच्याचं उत्तर असं. "मी कमावलं, मी उपभोगतोय" असं कुणी छातीठोक म्हणालं तर माझं त्याच्याशी काही भांडण नाही. व्यवहार पूर्ण झाला, पावती मिळाली, विषय संपला. पण कृतज्ञता हा शब्द त्यानं स्वतः काढला. आपल्याला मिळालं ते आपल्या कमाईपेक्षा जास्त आहे, कुणीतरी दिलंय, अशी त्यालाच आतून शंका आहे म्हणून तर हा शब्द तोंडात आला. ती शंका बरोबर आहे. मी फक्त म्हणतोय की अर्ध्यावर थांबू नकोस, लॉग उघडून बघ.

वाटेत जे ठिकाण दाखवलं ते आता सांगतो. इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव निघालं, ते आठ-नऊशे वर्षं नांदलं होतं. आज तिथे बघण्यासारखं काही नाही, पांढरीची टेकाडं आणि बाभळी. दोस्त जरा कंटाळलाच. तिथे घराच्या जमिनीखाली माणसं पुरायची रीत होती. अशाच एका दफनात एक रंगवलेलं मातीचं भांडं मिळालं, आणि त्या भांड्यावर काढलीय एक नाव. लांब लांब वल्ही असलेली. गेलेला जीव पाणी ओलांडून पलीकडे जातो अशी समजूत तेव्हाही असावी, असा अभ्यासकांनी अर्थ लावलाय.

मी त्या टेकाडावर उभा राहून दोस्ताला म्हटलं होतं, बघ, दुष्काळी तालुक्यातली तीन हजार वर्षांपूर्वीची बोट. तेव्हा मला एवढंच सुचलं. नंतर विचार करताना वाटलं, की ती नाव त्या मेलेल्या माणसानं स्वतः काढली नव्हती. त्याच्या नव्या प्रवासासाठी भांडं घडवलं दुसऱ्यानं, चित्र रंगवलं दुसऱ्यानं, खड्डा खणला दुसऱ्यानं. नव्या आयुष्याला निघालेल्याची बोट काठावर राहणारी माणसं तयार करतात. हे त्या लोकांना ठाऊक असावं.

असो. भांडण संपवतो, पण एक गोष्ट कबूल करून.

दोस्ताला एवढं सुनावल्यावर रात्री झोप लागेना. आमच्या काठाला दोन हंगाम जी बोट होती, तिच्यावर चार माणसं राहायची. मी सुट्टीत यायचो तेव्हा ती दिसायची. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. मी वीस वर्षं ज्या पगारावर जगतोय त्याच्या मुळाशी असलेली चार माणसं, आणि मी कधी विचारलंच नाही.

सकाळी आईला विचारलं. तिला चारही नावं पाठ होती. "रातच्याला थंडीनं कुडकुडायची पोरं. दोन गोधड्या दिल्या होत्या," म्हणाली. एकाचं गाव झारखंडात, साहेबगंजच्या बाजूला, म्हणजे तोही गंगेच्या काठचा. त्याला दोन मुली होत्या. एकदा तो आईच्या हातची भाकरी खाऊन रडला होता. दुसऱ्या हंगामात धाड पडली, चौघं पळाले, ते परत आले नाहीत. गोधड्या बोटीबरोबर गेल्या.

"आता कशाला पायजेत नावं?" आईनं विचारलं. मला चटकन उत्तर देता आलं नाही. ती नावं इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही म्हणून. वहीत लिहून ठेवलीत. साहेबगंज नकाशावर बघितलंय. पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि ठरलंय असं खोटं सांगणार नाही. पण पॉइंटर आता नल नाही.

परवा दोस्ताचा फोन आला. बोट पाण्याबाहेर काढलीय, तळ खरवडणं चालू आहे. दरवर्षी हे काम करायला एक म्हातारा येतो, तोंडाला फडकं बांधून दिवसभर बोटीखाली पाठीवर पडून घासतो. "आज त्याचं नाव विचारलं," दोस्त म्हणाला. "तीन वर्षांत पहिल्यांदा."

मी काही बोललो नाही. मला वीस वर्षं लागली होती.